शिव्या राहू द्या, ‘माज आलाय’ तेवढं थांबवा

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही कसबा बावड्यात राहतो. घरी दोन म्हशी आहेत, त्यांचं सगळं मामा (माझे सासरे) बघतात. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात त्यानं गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लाला दगड मारला. पिल्लू लंगडायला लागलं. मी ओरडले तर म्हणतो, “कुत्रंच हाय की, त्याला काय हुतंय!” पिल्लाची आई त्याच्या अंगावर धावून आली, पण चावली नाही, पायाला नुसतं नख लागलं.

त्याच्या त्या वाक्यानं मला रात्रभर झोप आली नाही. मी मोबाईलवर वाचलं की आपण जसं बोलतो तसंच प्राण्यांशी वागतो, म्हणून आधी भाषा बदलायला हवी. मग घरात नियम केले. प्राण्यांना ‘ते’ म्हणायचं नाही, ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणायचं. गाढवा, बैला, कुत्र्या असल्या शिव्या बंद. प्राण्यांवरच्या म्हणी बंद. फ्रिजवर कागदच लावला. आत्याबाई (सासूबाई) नातवाला उठता-बसता ‘गाढवा’ म्हणतात, त्या रुसून बसल्यात. मामा म्हणाले, “जल्म म्हसरांत गेला माझा, आता तू मला शिकीव.” नवरा हसतो. आणि मुलगा मला चिडवायला मुद्दाम “ते कुत्रं, ते कुत्रं” करत घरभर फिरतो. मी उगाच बाऊ करतेय का? भाषेनं काहीच फरक पडत नाही का?

— बावड्याची सून

उत्तर

सूनबाई, भाषेचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आहे, “नुसतं नख लागलं”. ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतली होती का? लस टोचली का? नसेल तर हे वाचणं इथंच थांबवा आणि पोराला घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. आठवडा उलटला, आता काय उपयोग, असं म्हणू नका. उशीर झाला तरी लस सुरू करायचीच असते. ओरखड्यातून रक्त आलं असेल तर लसीच्या जोडीला जखमेत आणखी एक इंजेक्शन लागतं, ते डॉक्टर ठरवतील. हळद, चुना, तिखट काही लावू नका. ती कुत्री गल्लीतच असेल तर दहा दिवस लांबून तिच्यावर नजर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस हातचा गेलाच समजा.

आलात जाऊन? आता बोलू.

भाषेनं फरक पडतो का, असं तुम्ही विचारता. आत्ताच पडला की. “नख लागलं” एवढंच म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आपोआप आले असते, कुठं लागलं, रक्त आलं का, धुतलं का. ‘नुसतं’ म्हटलं आणि सगळे प्रश्न मिटले. मी नोकरीभर जनावरांच्या दवाखान्यात काम केलं, आणि तिथं जे बघितलं त्यावरून माझं ठाम मत झालंय की जनावराचा घात करतात ते असले शब्द. शिव्या नाहीत, म्हणी नाहीत, ‘ते’ तर मुळीच नाही. ज्या शब्दानं माणूस पुढं बघायचं थांबतो, तो शब्द वाईट.

आधी तुमच्या ‘ते’चा निकाल लावतो, कारण त्यावरून घरात सगळ्यात जास्त भांडण झालेलं दिसतंय. तुम्ही वाचलेला सल्ला मुळात इंग्रजीसाठीचा असावा. तिकडं टेबलाला आणि जनावराला एकच सर्वनाम लागतं, माणसाला वेगळं. त्यामुळं तिथं त्या तक्रारीत तथ्य आहे. आपल्याकडं दगड ‘तो’, वीट ‘ती’ आणि बाळ ‘ते’. लेकरू, पोर, मूल, कोकरू, वासरू, पाखरू, ज्याला ज्याला उचलून घ्यावंसं वाटतं ते सगळं मराठीत नपुंसकलिंगी आहे. तुमच्या मुलानं ‘तो’ दगड उचलून ‘ते’ पिल्लाला मारला, त्यात व्याकरणाचा काय दोष? ‘कुत्रं’ म्हणताना त्याच्या बोलण्यात तुच्छता होती हे मी मानतो. पण तेच ‘कुत्रं’ थंडीत कुडकुडताना दिसलं की आत्याबाईच “बिचारं कुत्रं गारठलंय” म्हणून पोतं टाकत असतील. लिंग बदलून हा प्रश्न सुटायचा नाही.

शिव्यांचंही तसंच. गाढवाची शिवी आपल्याकडं हजार वर्षांपूर्वीच दगडात कोरून ठेवलेली आहे. शिलाहार आणि यादवांच्या काळातले गधेगळ बघा. दिलेलं दान जो मोडेल त्याला गाढवावरून काय शिवी द्यायची, ते त्या दगडांवर चित्रासकट आहे. आणि शिलाहारांची एक गादी तर इथंच, आपल्या कोल्हापुरात होती. एवढी जुनी सवय फ्रिजवरच्या कागदानं जाणार नाही. शिवाय आत्याबाई नातवाला गाढवा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात गाढव नसतंच, नातू असतो.

गाढवाचं नुकसान होतं ते वेगळ्या शब्दानं. “हट्टी जनावर.” वीटभट्टीवर ओझं घेऊन चाललेलं गाढव मधेच थांबतं, ढकललं तरी हलत नाही, मग पाठीवर काठी बसते. घोडा घाबरला की उधळतो. गाढव घाबरलं की बहुतेक वेळा जागच्या जागी थिजतं. पुढं पाणी आहे, उतार आहे, जमीन अनोळखी आहे, पाय टाकावा की नाही याचा अंदाज ते घेत असतं. त्यात आणखी एक अडचण अशी की दुखणं अंगावर काढण्यात गाढवाचा हात धरणारं जनावर क्वचित सापडेल. म्हणजे भीतीनं थांबलेल्या किंवा खूर दुखतोय म्हणून थांबलेल्या जनावराला आपण ‘हट्टी’ हे नाव दिलं, आणि हट्टावर काठीशिवाय दुसरा उपाय कुणाला सुचत नाही.

मला खरं बोलायचंय ते याबद्दल. जनावराजवळ उभं राहून, ते काहीतरी करत असताना आपण जे शब्द काढतो त्याबद्दल. “माज आलाय.” “नाटकं करतंय.” “अंग चोरतंय.” “त्याला सवय असती.” मला गोठ्यावर बोलवणं यायचं ते साधारण असं: “म्हस लाथा मारतीया डॉक्टर, माजलीया लई, पाय बांधून काढतोय धार.” जाऊन बघावं तर सडाला चीर पडलेली. कधी कासेत गाठ, हात लावला तर गरम लागायची. कधी धार काढणाऱ्याचीच नखं वाढलेली. कासदाह, म्हणजे कासेची सूज, पहिल्या दिवशी कळला तर बरा होण्याची आशा चांगली असते. ‘माज’ म्हणत चार दिवस दावणीला पाय बांधून धार काढली तर तो सड कायमचा जाऊ शकतो, आणि मग त्याच घरात “म्हशीला नजर लागली” असं म्हणतात. तोही तसलाच शब्द. त्यानंही कुणी कासेकडं बघत नाही.

गंमत अशी की ‘माज’ हा शब्द मुळात वाईट नाही. “म्हैस माजावर आली” हे गोठ्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) कशी आहे, ओरडते का, लघवी थोडी थोडी करते का, हे बघून माणूस ते बोलतो आणि रेतनाची वेळ ठरवतो. उन्हाळ्यात म्हशीचा माज बऱ्याचदा दिसतच नाही, त्याला आपण ‘मुका माज’ म्हणतो. हे शब्द बघून बघून तयार झालेले आहेत. ‘माजावर आली’ म्हणणारा म्हशीकडं बघत असतो. ‘माजली’ म्हणणारा काठीकडं बघत असतो.

म्हणून मामांना तुम्ही दुखावलंत असं मला वाटतं. भाषा शिकवायला निघालात, आणि घरात ज्याच्याकडं जनावराची भाषा सगळ्यात जास्त आहे त्याच्यापासूनच सुरुवात केलीत. पान्हा, वेत, कास, आटवणं, रवंथ, आंबोण, गाभण, चीक. यातला एकेक शब्द म्हणजे काय बघायचं याची सूचना आहे. “आज रवंथ बंद आहे” एवढ्या वाक्यावर मी रात्री गाडी काढून निघालेलो आहे, आणि “जनावर गप गप हाय” एवढंच सांगितलं तर दहा प्रश्न विचारावे लागायचे.

तुमच्या घरी पंढरपुरी असतील तर त्यांची ती तलवारीसारखी लांब शिंगं मुलानं रोज बघितली असतील. ही म्हैस रेडकू पुढं नसतानाही, कुठंही उभी करून धार देते. म्हणून तर गंगावेशीसारख्या कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धारोष्ण दूध काढण्याची रीत आपल्याकडं चालली. दिवाळीच्या पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून पंचगंगेवर, सागरमाळावर, तुमच्या बावड्यात पळवतात. हजार माणसांच्या गोंगाटात मालकानं हाक मारली की त्याची म्हैस त्याच्याच मागं धावते. तिथल्या आवाजाचा आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींचा म्हशींना काय त्रास होतो यावर मी वेगळं लिहीन, ते मला पसंत नाही. पण हाक मारणारा तो माणूस तिला ‘मुकं जनावर’ मानत नाही एवढं नक्की. ‘मुका जीव’ हा आपला फार लाडका शब्द आहे. दयेचा आहे, पण त्यात एक सोय आहे. मुकं म्हटलं की ऐकायची जबाबदारी संपली.

म्हणजे गोड शब्दही हेच काम करतात. देवळात जाऊन आपण दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार श्वानांना हात जोडतो आणि बाहेर पडल्यावर चपलेशी आलेल्याला ‘हाड’ म्हणतो. ‘श्वान’ म्हटल्यानं त्याचं काही भलं झालेलं मला दिसत नाही. नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीचं, म्हणजे आपल्या माधुरीचं उदाहरण घ्या. २०२५ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशानं तिला गुजरातेत वनतारा या प्राणी केंद्रात नेलं तेव्हा अख्खा जिल्हा रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. लोक म्हणत होते, लेक नेली आमची. पण न्यायालयात मुद्दा होता तिच्या पायांचा, सांध्यांचा, ती कशावर उभी राहते याचा. एकदा ‘लेक’ म्हटलं की तिच्या पायाला काय झालंय असं विचारणारा माणूस वैरी वाटायला लागतो. पलीकडं ‘सुटका’ हा शब्दही तसाच वापरला गेला. तोही म्हटला की पुढं काही विचारायचं उरत नाही. त्या दिवसांत पायांबद्दल बोलणारी माणसं दोन्हीकडं मला थोडी दिसली, हे लिहिल्याबद्दल मला पत्रं येतील, येऊ देत.

सरकारी भाषेला या बाबतीत तोड नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘उपद्रवी’ प्राण्यांची एक यादी होती. उंदीर, फळं खाणारी वटवाघळं, आणि कावळा. ज्याच्यासाठी आपण दहाव्याला पिंड ठेवून तासभर उन्हात ताटकळतो, तो कायद्याच्या लेखी उपद्रवी. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादी गेली. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास बंदी घालणारा कायदा १९६० चा. मारहाण, जादा ओझं, उपाशी ठेवणं सगळं त्यात आहे, पण ठिकठिकाणी ‘अनावश्यक’ हे विशेषण आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आवश्यक यातना कोणती हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात कासरा आहे तो. आणि आपली वर्तमानपत्रं! दाजीपूरच्या बाजूचा एखादा गवा वाट चुकून उसातून वस्तीत आला की ‘गव्याचा धुमाकूळ’. तो बिचारा भिंतीच्या कडेनं वाट शोधत असतो. धुमाकूळ चाललेला असतो मोबाईल घेऊन मागं पळणाऱ्यांचा. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला असाच एक गवा आला, लोक तासन्‌तास मागं लागले आणि शेवटी तो मेला.

तुमच्या घरात लगेच उपयोगी पडेल असं एक सांगतो, कारण गोठा आहे म्हणजे हे कधीतरी होणार. वैरणीत धामण निघाली की कुणीतरी म्हणेल, “म्हशीचं दूध पिती ती, मारा.” धामण बिनविषारी आहे. ती येते उंदरांसाठी. सडातून दूध ओढून प्यावं अशी सापाच्या तोंडाची रचनाच नाही. मग कुणीतरी पुढं म्हणेल, “आता अर्धवट सोडू नका, डूख धरती.” सापाला असा वैरभाव लक्षात ठेवता येत नाही. या दोन वाक्यांनी आपल्या जिल्ह्यात किती धामणी मेल्या असतील, आणि मागं राहिलेल्या उंदरांनी किती पेंड खाल्ली असेल.

आता मुलगा. त्याला मी वाया गेलेला समजत नाही. दहा वर्षांचं पोर दगड मारतं तेव्हा नेम बघत असतं, पिल्लू बघत नसतं. त्याचं वाक्य मला उलट कामाचं वाटलं. “त्याला काय हुतंय!” हेच वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावा, फक्त या वेळी प्रश्न म्हणून. त्याला काय होतंय? कुठला पाय उचलतंय, पुढचा की मागचा? टेकवतंय का? आईचं दूध प्यायला बाकीच्या पिल्लांबरोबर जातंय की मागं राहतंय? हे सगळं त्यानं दारातून, लांबून बघायचं. जवळ जायचं नाही, कारण पिल्लांची आई धावून येणारच. कुणीतरी तिला ‘पिसाळलेली’ म्हणायच्या आत मुलाला सांगा की ती पिल्लं राखतेय. दोन दिवस त्यानं बघितलेलं तुम्हाला सांगू दे आणि तुम्ही ते जनावरांच्या डॉक्टरांना सांगा. पाय टेकवत नसेल तर हाड तपासावं लागेल. घरी काठी बांधून पट्टी करू नका, आणि दया म्हणून माणसांची दुखण्यावरची गोळी तर अजिबात देऊ नका. कुत्र्यांना त्या गोळ्या बाधतात, मांजराला तर साधी पॅरासिटामॉलसुद्धा जिवावर बेतते.

माफी मागायला लावू नका त्याला. पिल्लाची माफी मागणं हा मोठ्यांच्या समाधानाचा कार्यक्रम असतो.

फ्रिजवरचा कागद काढा. न बोलता काढा. म्हणी परत येऊ द्यात. “घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं” ही म्हण ज्यानं पहिल्यांदा म्हटली त्यानं शिंगराकडं नीट बघितलेलं होतं, ती बंद करून तुम्ही मुलाचं नुकसानच कराल. फक्त एका गोष्टीवर हटून बसा. घरात कुणी “माज आलाय”, “नाटकं करतंय”, “सवय हाय त्याला” म्हटलं तर भांडायचं नाही, विचारायचं, “कशावरून?” मामांना हा प्रश्न आवडेल. ज्याला जनावर कळतं त्याला ‘कशावरून’ विचारलेलं नेहमी आवडतं. आणि त्यांच्याकडं उत्तर नसेल तर ते उठून बघायला जातील, मी अशी माणसं ओळखतो.

मुलाला संध्याकाळी धारेच्या वेळेला आज्ज्याबरोबर गोठ्यात पाठवा. सुरुवातीला काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं आणि आज्जा बोलतो ते ऐकायचं. म्हशीनं शेपूट का झटकली, कान मागं का घेतले, पान्हा का चोरला. बेंदराला खांदेमळणी असेल तुमच्या भावकीत कुणाकडं, तर तिथंही न्या. बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळताना हाताला सूज कळते, ती कॅलेंडरवरच्या चित्रातून कळत नाही.

एक विषय मात्र अवघड आहे आणि तो तुम्ही पत्रात काढलेला नाही. म्हैस व्याली आणि पारडी (मादी) झाली तर पेढे, टोणगा (नर) झाला तर सगळे गप्प. पारडीला नाव पडतं. टोणग्याला पडत नाही, आणि पुढं काय होतं ते गोठा असलेल्या प्रत्येक घराला माहीत असतं. इथं शब्द बदलून काही होणार नाही. त्याला ‘तो’ म्हणा, ‘बाळ’ म्हणा, दुधाचा हिशेब तोच राहतो. हा सगळा प्रश्न तुम्ही एकट्या सोडवू शकणार नाही आणि मामांना त्यावरून धारेवर धरण्यातही अर्थ नाही. पण पहिल्या दिवसाचं एक काम आहे. जन्मल्यावर तासाभरात पहिला चीक पोटात जायला हवा, मग ती पारडी असो की टोणगा. “टोणग्याला चीक पाजला का?” एवढं विचारा. आणि तुम्ही विचारू नका, मुलाला विचारायला लावा. सुनेनं विचारलं तर पुन्हा ‘आता तू मला शिकीव’ होईल. नातवानं विचारलं तर आज्जा उठून पाजेल.